मकचिकचा नासी लेमाक

फ्रँकफर्टच्या एका मलेशियन खानावळीत मी मालकाशी भांडले, त्याची मला अजून लाज वाटते. भांडले म्हणजे आरडाओरडा नाही केला. ताटातला साम्बाल चमच्यानं बाजूला सारला आणि म्हटलं, "हे काही पेनांगचं नाही." साम्बाल म्हणजे त्यांचा लाल मिरचीचा ठेचा म्हणा, पण कांदा घालून शिजवलेला, जरा गोड, जरा आंबट. तो माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझा जन्म पेनांगचा. माझी आई अजून तिथेच असते. हा साम्बाल तिचा आहे." कुणीही शहाणं माणूस इथे गप्प बसलं असतं. मी म्हणाले, "मग तुमच्या आईचं काहीतरी चुकतंय."

नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. तेरा वर्षांची लेक मोबाइलमधून मान वर न काढता पुटपुटली, "पाइनलिश." म्हणजे, लाज आणलीस.

मी एरवी अशी नाही. बरं, आहे थोडी. पण त्या महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, कारण मकचिक येणार होती.

आता मकचिक कोण ते सांगायला हवं. इथे जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या र्युसेल्सहाइमला यायच्या आधी आम्ही पाचेक वर्षं मलेशियात, पेनांगला होतो. आम्ही दोघंही इंजिनिअर, दोघंही गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. लेक तिथेच झाली. माझी रजा संपली तेव्हा रत्नागिरीहून आईला येता येईना, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि मी तान्ह्या पोरीला घेऊन रडकुंडीला आले होते. समोरच्या दारात एक विधवा बाई राहायची, पन्नाशीची, डोक्याला कायम रुमाल बांधलेला. ती स्वतःहून आली आणि म्हणाली, "माझ्याकडे ठेव. मी घरीच असते." तिकडे मावशीच्या वयाच्या बाईला मकचिक म्हणतात. आम्हीही म्हणायला लागलो, ते इतकं की माझ्या फोनमध्येही तिचं दुसरं नाव नाही.

सकाळी साडेसातला पोरगी त्या दारात, संध्याकाळी सहाला या दारात. मधला सगळा दिवस मकचिकचा. पहिलं पाऊल तिनं बघितलं, पहिला दात तिनं बघितला, आणि पोरीनं पहिल्यांदा कुणाला हाक मारली असेल तर तीही तिलाच. ती सकाळी नासी लेमाक करायची. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात आंबेमोहोरासारखा वास येणारं एक लांब हिरवं पान गाठ मारून टाकलेलं. वर साम्बाल, तळलेली बारकी सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, अर्धं उकडलेलं अंडं. केळीच्या पानात बांधलेला एक पुडा मला मिळायचा, तो मी लिफ्टमध्ये उभ्याउभ्या उघडायचे. पोरगी मोठी होत गेली तशी तिलाही दुसरं काही नको असायचं.

आमच्या दोघींची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि हातवारे. मी तिला मराठीतलं एकच शिकवलं. पोरगी जेवताना फार छळायची, म्हणून भाताचे छोटे छोटे गोळे ताटलीच्या कडेला कसे मांडायचे आणि 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' कसं म्हणायचं ते दाखवलं. तिनं ते घोकून पाठ केलं. मलेशियन चिऊ-काऊंचं नशीब उघडलं.

आणखी दोन गोष्टी, म्हणजे पुढचं कळेल. आई दर उन्हाळ्यात रत्नागिरीहून आमसुलं पाठवायची. त्यातली निम्मी मकचिक मागून न्यायची. मला वाटायचं, पित्तासाठी घेत असेल. आणि रोज संध्याकाळी पोरीबरोबर एक बशी घरी यायची, वर वाटी झाकलेली, आत भाताचा एकच गोळा, दिवसभरात वाळून कडक झालेला. मला वाटायचं, पोरीनं टाकलेला शेवटचा घास असेल, मकचिकला अन्न टाकवत नसेल म्हणून पाठवत असेल. मी तो कचऱ्यात टाकायचे, बशी धुऊन सकाळी परत द्यायचे. दिवसभर मशिनींशी डोकं लावून आलेल्या बाईला बशीचा विचार करायला सवड नसते.

मग जर्मनीतली नोकरी आली. लेक साडेचार वर्षांची होती. निघताना मी मकचिकला म्हटलं, उन्हाळ्यात येतोच आम्ही. अजून गेलेलो नाही.

इथे किटात, म्हणजे बालवाडीत, मुलाला आधी रुळवतात. आईनं थोडं थोडं बसायचं, मग थोडं थोडं दूर जायचं. आमची पोरगी दिवसभर त्यातल्या त्यात बरी असायची. पण रविवारी मकचिकशी व्हिडिओ कॉल झाला की संपलं. बूट घालून दाराशी जाऊन बसायची. दार उघडलं की समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायची. तिचा समज असा की समोरच्या दारात मकचिक असतेच. तिथे राहायचे एक म्हातारे जर्मन आजोबा. ते बिचारे चपला सरकवत यायचे, दार उघडायचे, आणि पोरगी त्यांना बघून जमिनीवर लोळण घ्यायची.

किटातल्या बाई म्हणाल्या, काही आठवडे कॉल नका करू, ती स्थिरावू दे. मी 'काही आठवडे' ऐकलं आणि कायमचं केलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या कॉलनंतर पोरगी माझ्याकडे यायची नाही, माझ्या हातचं खायची नाही, आणि माझा जळफळाट व्हायचा. आई मी की ती? मकचिकला मी सांगत गेले, आज ती झोपली आहे, आज तिला सर्दी आहे, आज नेटवर्कच नाही. मग ती विचारायची थांबली. त्यानंतर ईदला शुभेच्छा, वाढदिवसाला फोटो, संपलं.

आणि आता इतक्या वर्षांनी तिचा मेसेज. मुलगा हॉलंडला नोकरीला लागला आहे, त्याला बाळ झालंय, मी दोन महिने त्याच्याकडे आहे, एक शनिवार-रविवार रेल्वेनं तुमच्याकडे येते. 'आदिकला बघायचंय.' आदिक म्हणजे छोटी.

मी छोटीला विचारलं, "मकचिक आठवते ना तुला?"

"काइने आनुंग," ती म्हणाली. काही कल्पना नाही. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी फोटो दाखवला. तिनं तो नीट बघितला, दोन बोटांनी मोठा करून बघितला, आणि मान हलवली. मला वाईट वाटू नये म्हणून वर म्हणाली की बाई चांगली दिसते.

मला रात्र रात्र झोप येईना असं नाही म्हणणार, मी झोपते. पण दिवसा डोक्यात तेच. ती बाई एवढ्या लांबून येणार, आणि माझी लेक तिच्याशी परक्यासारखी हात मिळवणार, आणि हे मी केलेलं असणार. मग मी मनाशी पक्कं केलं की पोरीला तो नासी लेमाक खायला घालायचा, अगदी तस्साच. जीभ विसरत नाही, एकदा चव लागली की सगळं परत येईल.

"म्हणजे माणूस आठवत नाही, पण मासळी आठवेल," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले.

एशियन दुकानात ते हिरवं पान मिळालं, फ्रीजरमध्ये गोठवलेलं. बलाचान मिळालं, म्हणजे खारवलेल्या बारक्या कोळंबीची वडी. मी सुकट भाजणाऱ्या घरातली, मला वासाचं काय! खुशाल तव्यावर भाजलं. दहाव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरची बाई दारात, नाकाला स्कार्फ लावून. तिला वाटलं ड्रेनेज फुटलं. दोन दिवसांनी जिन्यात हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या ऑफिसचा कागद लागला, की स्वयंपाक करताना कृपया खिडक्या उघडाव्यात. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. मग मी थंडीत खिडक्या सताड उघडून कोट घालून साम्बाल ढवळायला लागले. लेक मैत्रिणीकडे पळायची.

भात जमला. तिखट जमलं. आंबट काही केल्या जमेना. या दुकानाची चिंच, त्या दुकानाची चिंच, थाई चिंच, लिंबू, एकदा तर चिडून व्हिनेगर. प्रत्येक वेळी जिभेवर ठेवलं की वाटायचं, जवळ आहे, पण हे ते नाही. शेजारच्या माइंत्स शहरात एका ठिकाणी पाटी मलेशियन, आत थाई करी. मग कुणीतरी फ्रँकफर्टची ती खानावळ सांगितली, आणि तिथे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय.

तो शनिवार आला. स्टेशनवर आम्ही तिघं. मकचिक डब्यातून उतरली ती मुलाच्या भल्यामोठ्या कोटात, बाह्या दुमडलेल्या, हातात भाजीची असते तशी पिशवी. केवढीशी दिसत होती! की आमची लेकच ताडमाड झाली होती, कोण जाणे. मकचिकनं तिला बघितलं आणि तिचा हात आपसूक वर गेला, गालाकडे. लेकीनं तोच हात पकडला, नीट हलवला आणि चांगल्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला भेटून आनंद झाला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मकचिकनं घसरलेली बाही वर सारली. मग हसली आणि म्हणाली, "किती उंच झालीस!" पिशवी नवऱ्यानं घेतली आणि आम्ही गाडीकडे चालायला लागलो.

संध्याकाळी मी सगळ्यांना त्या फ्रँकफर्टच्या खानावळीत नेलं. हट्टानं. म्हटलं, ही खरी पेनांगची, ही सांगेल त्या माणसाला काय चुकतंय ते. मकचिकनं हात धुतले, भात कालवला, साम्बाल बोटावर घेतला, डोळे मिटले. मी वाट बघतेय.

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा छान आहे."

"अगं, पण आंबट?"

"चिंच आहे ना. चिंच अशीच लागते." आणि तिनं मालकाला बोलावून मलयमध्ये त्याच्या आईची चौकशी सुरू केली. दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर निघाली. मालक हसत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता. नवऱ्याला हसू दाबून दाबून ठसका लागला. मी मुकाट्यानं ताट संपवलं, चाटूनपुसून. लेक मात्र दोन घास खाऊन नूडल्सकडे वळली. ना तिला काही आठवलं, ना काही झालं. मी मनात म्हटलं, संपला विषय.

रविवारी सकाळी मकचिक माझ्या आधी स्वयंपाकघरात. माझा एप्रन बांधून कांदा चिरत होती. पिशवीतून तिनं सुकी मासळी आणली होती, वाळलेल्या मिरच्या आणल्या होत्या. मी डबे काढायला घेतले आणि कपाळाला हात लावला. चिंच संपली होती. महिनाभर मीच प्रयोग करून संपवली होती. आणि रविवार! जर्मनीत रविवारी चिंच सोडा, पाव मिळायची मारामार.

"चिंच कशाला?" मकचिक म्हणाली. "तिच्यासाठी मी चिंच कधी घातली? तुझ्या आईची ती काळी सालं नाहीत का घरात?"

मी वळून बघत राहिले. "आमसुलं?"

"तीच. चिंच खाल्ली की आदिकच्या ओठांभोवती लाल पुरळ यायचं. दीड-दोन वर्षांची होती. तू आधीच दमलेली असायचीस, तुला कशाला सांगायचं? मग मी ती सालं भिजवून घातली. तिला आवडलं. आणि दोन-दोन साम्बाल कोण करत बसणार, म्हणून तुलाही तोच बांधून द्यायचे." मग जरा ओशाळून म्हणाली, "खऱ्या साम्बालात ते नसतं. पेनांगला कुणी करत नाही."

मी खुर्चीवर बसले. अस्सल पेनांगचा म्हणून जो मी दुकानादुकानांत शोधला, ज्याच्यासाठी एका भल्या माणसाच्या आईला नावं ठेवली, तो साम्बाल जगात एकाच घरी होत होता, एका पोरीसाठी, आणि त्यातला आंबटपणा माझ्या आईच्या अंगणातला होता. आमसुलांची बरणी तर डोळ्यांसमोर होती. लेकीला मराठी म्हणून एकच पदार्थ जीव की प्राण, सोलकढी, ती पेल्यावर पेले पिते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडू नये! मी बरणी तिच्या हातात दिली, आणि हसायला जाऊन मला रडूच आलं.

रडता रडता सगळं सांगून टाकलं. सर्दी नव्हती, झोप नव्हती, नेटवर्क चांगलं होतं. कॉल मी बंद केले. ती तुझ्यासाठी रडायची आणि मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून.

मकचिक आमसुलं कोमट पाण्यात दाबत होती. पाणी जांभळं होत गेलं. बोटं न थांबवता म्हणाली, "मला वाटलं, मीच काही चुकीचं बोलले. तो शेवटचा कॉल मी कितीदा आठवून बघितला. काय बोलले, काय बोलले. सापडायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगायचं ना गं. मी आपणहून थांबले असते." आणि म्हणाली, "मिरची बघ, करपेल."

मी मिरची बघितली. खिडकी उघडली. दुसरं काय करणार होते?

अकराच्या सुमाराला लेक उठून आली, पायजम्यात, केस पिंजारलेले. वासानं आली की भुकेनं, देव जाणे. टेबलाशी बसली, हातात काटा घेतला. मकचिकनं तिच्या पुढ्यात ताटली ठेवली, आणि मग काय मनात आलं तिच्या, बाजूला बसून तिनं भात-साम्बाल हातानं कालवला आणि छोटे गोळे करून ताटलीच्या कडेला मांडायला लागली. नवरा दारातच थांबला.

"हा घास चियूचा," मकचिक तिच्या मलय उच्चारात म्हणाली. लेक तेरा वर्षांच्या मुलीसारखं हसली आणि काटा तसाच हातात ठेवून तिनं तो घास खाल्ला. चावता चावता थांबली. पुन्हा चावली.

"हा घास काऊचा."

तोही खाल्ला. काटा खाली ठेवला. कडेला तिसरा गोळा होता. मकचिक काही बोलली नाही. मला वाटलं, विसरली. मी शिकवलं होतं ते दोनच होते, पुढे पुन्हा चिऊपासून सुरू.

"हा मकचिकचा," लेक म्हणाली. मराठीत. आणि तो गोळा उचलून तिनं मकचिकच्या तोंडात घातला.

मला हा तिसरा घास माहीत नव्हता. मी तेव्हा ऑफिसात असायचे. मकचिकनं डोळे मिटून तो खाल्ला, पाणी गालावर तसंच ओघळू दिलं. लेक तिच्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, गणित सोडवताना घालते तशा. मग तिनं स्वतः हात भातात घातला. वेडावाकडा, मोठा, एक गोळा केला. मांडणीवरची बशी ओढली, त्यावर तो ठेवला, आणि इकडे तिकडे बघून त्यावर एक वाटी पालथी घातली.

"हा आईचा," ती म्हणाली. "ऑफिसातून आल्यावर."

ती बशी माझ्या ओळखीची होती. ती नव्हे, तिच्यासारखी, वाटी झाकलेली, रोज संध्याकाळी सहाला येणारी. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मी त्या घासांचं काय करायचे, ते या दोघींना कधी कळलं नाही, आणि त्या सकाळी तर मला ते तोंडातून काढताच आलं नाही.

लेकीनं वर बघितलं. मी समोरच उभी आहे हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. "दू बिस्ट या हीअर," ती म्हणाली. तू तर इथेच आहेस. वाटी उचलली, गोळा हातात घेतला आणि उठून माझ्याजवळ आली.

मी आ केला.